कामासाठी बेळगावला येताय, तर आत्याला आधी कळवा

पुण्याहून एका वाचक भगिनींचं पत्र आलं आहे. नाव छापू नका म्हणाल्या, म्हणून छापत नाही. त्या बेळगावच्या अनगोळ भागात वाढल्या. वडील उद्यमबाग या इथल्या औद्योगिक वसाहतीत एका फौंड्रीत, म्हणजे धातू वितळवून ओतकाम करणाऱ्या कारखान्यात, मोल्डर (वाळूचे साचे भरणारे कामगार) होते. ती फौंड्री बंद पडली, कामगारांचे काही महिन्यांचे पगार अडकले ते अडकलेच, आणि घर विकून सगळे भोसरीला गेले. तेव्हा त्या अकरावीत होत्या. आता त्या चाकणला पंप बनवणाऱ्या एका कंपनीत व्हेंडर क्वालिटीचं, म्हणजे माल पुरवणाऱ्यांच्या तपासणीचं, काम बघतात. कंपनी त्यांना तीन दिवसांसाठी उद्यमबागेत पाठवते आहे. दोन फौंड्र्या तपासायच्या आणि पुढच्या वर्षीचं काम कुणाला द्यावं याचा अहवाल लिहायचा. त्यातल्या एकीत वडिलांबरोबर काम केलेले काका आज सुपरवायझर आहेत. पगार थकले त्या काळात दहावीच्या क्लासची फी काकांनी भरली होती, घर सोडतानाच्या टेम्पोचं भाडंही त्यांनीच दिलं. त्या लिहितात, “बाबांना सांगितलं तेव्हा ते काहीच बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी चहा घेताना एवढंच विचारलं, कुठली फौंड्री?” त्यांचे प्रश्न असे : कुणाला न कळवता काम उरकून परत यावं का? आलंच तर बेळगावातल्याच वडगावच्या आत्याकडे उतरावं की हॉटेलात? विकलेलं घर बघायला जावं का? आणि कन्नड पार विसरलं आहे, त्याचं काय करावं?

ताई,

गुपचूप येऊन गुपचूप जायचा विचार आधी मनातून काढा. बेळगावात ते जमत नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे. संध्याकाळी गणपत गल्लीतून एक फेरी मारलीत तरी रात्रीपर्यंत आत्याच्या कानावर जाईल की भावाची मुलगी आली होती म्हणून. पण ते नंतरचं. तुमच्या कामाच्या दृष्टीने पाहिलं तरी लपवणं धोक्याचं आहे. उद्या काकांच्या फौंड्रीला ऑर्डर मिळाली आणि मग कुणाला तुमची ओळख कळली, तर तुम्ही कितीही काटेकोर तपासणी केली असली तरी तो अहवाल संशयात येईल. त्यात तुमच्यापेक्षा काकांचं नाव जास्त खराब होईल. इतकी वर्षं भट्टीपुढे उभं राहून मिळवलेली पत या वयात त्यांना पुन्हा मिळवता यायची नाही.

म्हणून निघण्यापूर्वी तुमच्या साहेबांना लेखी कळवा. चार ओळी पुरतात. अमुक फौंड्रीतले सुपरवायझर वडिलांचे जुने सहकारी आहेत, त्यांनी आमच्या घराला अडचणीत मदत केली आहे, तेव्हा त्या फौंड्रीच्या तपासणीला माझ्याबरोबर दुसरं कुणी असावं आणि शेवटची सही त्यांची असावी. एवढं लिहिलंत की डोक्यावरचं अर्धं ओझं उतरेल. साहेब म्हणतील, काही हरकत नाही, तुम्हीच करा. तसं म्हणाले तर तेही मेलवर घ्या. ते म्हणतील की मग दुसऱ्या कुणाला पाठवतो, तर वाईट वाटून घेऊ नका. बेळगावला यायला तुम्हाला कंपनीच्या कामाची गरज नाही, बसचं तिकीट पुरतं.

आता जे मला तुमच्या पत्रात सगळ्यात जास्त टोचलं ते सांगते. काकांच्या उपकाराबद्दल तुम्ही भरभरून लिहिलंत. अडकलेल्या पगाराचा उल्लेख मात्र एकदाच आहे, तोही कंसात. मला काळजी त्या कंसाची वाटते. उपकार तुम्हाला दिसतो आहे, म्हणून त्याच्याविषयी तुम्ही सावध राहाल. राग दाबून ठेवलाय, तो ऐन वेळी वर येईल. तपासणीच्या दिवशी तुम्ही टेबलाच्या या बाजूला असाल आणि समोर एक फौंड्रीमालक चहा मागवत असेल. तुमच्या बाबांना त्या बाजूच्या खुर्चीवर कधी कुणी बसा म्हटलं नसेल. त्या क्षणी त्या माणसाच्या कास्टिंगमध्ये, म्हणजे ओतलेल्या भागात, एक ब्लोहोल (आतली पोकळी) सापडला तर तुम्हाला बरं वाटेल. असं वाटलं तर स्वतःला दोष देऊ नका, पण तो आनंद ओळखा आणि अहवाल रात्री लिहू नका, दुसऱ्या दिवशी सकाळी लिहा. ज्याने पगार बुडवले तो मालक वेगळा होता. आज समोर बसलेल्याचा हिशोब त्याच्याच मालावर व्हायला हवा, आणि त्याच्या शॉप फ्लोअरवरही कुणाच्या तरी बाबांचा पगार त्या ऑर्डरवर चालतो.

यावर माझ्याकडे उपाय एकच आहे, तो कोरडा आहे पण चालतो. दोन्ही फौंड्र्यांसाठी तपासणीचा एकच कागद पुण्यातच तयार करून आणा आणि कशाला किती गुण हेही तिथेच ठरवा. वाळूतली ओल दर पाळीला मोजतात का आणि त्याची नोंद आहे का. ओतण्याआधी रसाचं तापमान घेतात का. प्रत्येक हीटचा (भट्टीतल्या एका खेपेचा) स्पेक्ट्रोचा, म्हणजे धातूत काय किती आहे ते दाखवणाऱ्या यंत्राचा, रिपोर्ट ठेवतात का. कास्टिंगवरचा हीट नंबर धरून मागे गेलं तर त्या दिवसाचा चार्ज, म्हणजे भट्टीत काय काय टाकलं ते, सापडतो का. गेल्या काही महिन्यांचं रिजेक्शन किती, आणि ते लपवून ठेवलंय की भिंतीवर लावलंय. माझे यजमान उद्यमबागेत मशीन शॉपमध्ये होते. फौंड्रीतून आलेलं कास्टिंग मशीनवर चढवून अर्धं काम झाल्यावर आत पोकळ निघालं की ते घरी आल्यावर जेवायचे नाहीत. त्यामुळे एवढं मला कळतं, बाकीचं तुम्हाला माझ्याहून चांगलं माहीत आहे. काकांच्या फौंड्रीत गुण कमी पडले तर कमीच लिहा. मात्र काय सुधारलं तर पुढच्या वेळी चालेल, हे नीट, ओळीओळीने लिहून द्या. लहान फौंड्रीला अशा कागदाचा खरा उपयोग होतो. तसंच ते दुसऱ्या फौंड्रीलाही द्या.

काकांना आधी फोन करावा का? करावा, पण दोन मिनिटांचा. “काका, मी कंपनीच्या कामाने तुमच्याकडे येते आहे. ओळख आहे हे मी कंपनीत सांगितलंय. काम संपलं की घरी येते, काकूंना सांगा.” बस. ऑर्डरविषयी एक शब्द बोलू नका, त्यांनाही बोलू देऊ नका. हा फोन केला नाहीत तर काय होईल ते डोळ्यांसमोर आणा. तुम्ही मालकाबरोबर शेडमध्ये शिरणार, काका तुम्हाला बघणार, ओळख दाखवावी की नाही हे त्यांना कळणार नाही आणि ते अंग चोरून बाजूला होतील. त्यांच्यावर तशी वेळ आणू नका. समोर आले की सगळ्यांदेखत नमस्कार करा, काका म्हणा. लपवायचं काही उरलेलं नसलं की काका म्हणायला अडचण नसते.

एक छोटी गोष्ट. निघताना दोन्हीकडे तुमच्या हातात कुंद्याचा (इथल्या दुधाच्या मिठाईचा) डबा ठेवतील, गोकाकच्या करदंटाचं (डिंक-सुकामेव्याच्या मिठाईचं) पाकीटही असेल. इथे ही रीत आहे, त्यात लाच द्यायचा हेतू बहुतेकदा नसतो. तरीही अहवाल जाईपर्यंत घेऊ नका. “कंपनीचा नियम आहे, पुढच्या वेळी हक्काने नेईन,” असं म्हटलंत तर कुणी रागावत नाही. बाबांसाठीचा कुंदा तुमच्या पैशाने घ्या.

आता उतरायचं कुठे. कामाचे तीन दिवस हॉटेलात. तुम्हाला रात्री कागद बघायचे असतील, फोन असतील, आणि आत्याकडे उतरलात तर संध्याकाळी सातपासून माणसं येत राहतील. शिवाय कुणाची मुलगी, काय तपासायला आली, कुठल्या फौंड्रीचं काय झालं, हे अनगोळ-वडगावात बोललं जाणार, कारण उद्यमबागेत कामाला जाणारी माणसं तिथेच राहतात. पण आत्याला तुम्ही पुण्यातून निघण्यापूर्वी फोन करा. हॉटेलात का उतरते आहे ते खरं सांगा. आणि त्याच दमात सांगा की शुक्रवारी काम संपलं की शनिवार-रविवार तुझ्याकडे आहे. तुम्ही येऊन गेलात हे आत्याला शेजारणीकडून कळलं तर, “आलीस तशी घराकडं का नाही आलीस गं?” हा प्रश्न पुढच्या प्रत्येक लग्नात तुम्हाला ऐकावा लागेल, आणि तिचं चुकणार नाही. वडिलांच्या पिढीने गाव सोडलं तेव्हा मागे राहिलेल्या माणसांनीही काही सोसलं आहे. एक भाऊ, त्याची बायकोमुलं, सणाला येणारं घर, हे सगळं एका टेम्पोतून निघून गेलं. त्याबद्दल आपण त्यांना कधी विचारत नाही. या वेळी आत्याला विचारा.

ते दोन दिवस रजेचे किंवा सुटीचे धरा आणि खर्च तुमचा. परतीचं तिकीट कंपनीचं असलं तरी तारीख बदलल्याचं कळवून ठेवा. हे मी अगदी बारीकसारीक सांगते आहे, कारण पहिल्या प्रश्नात स्वच्छ राहून असल्या बिलात माणूस अडकलेला मी पाहिला आहे.

कामाची तारीख अजून ठरायची असेल तर १ नोव्हेंबरच्या आसपासची घेऊ नका. तो दिवस कसा असतो ते तुम्ही लहानपणी पाहिलं आहे. एकीकडे कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक, दुसरीकडे आपल्या मराठी लोकांचा काळा दिन, आणि शहरात जिकडेतिकडे बंदोबस्त. डिसेंबरात सुवर्णसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन भरतं तेव्हा हॉटेलांत खोल्या मिळत नाहीत, मिळाल्या तर दुप्पट भावाने. वातावरण तापलं की दोन्हीकडच्या एसट्या सीमेवरच्या कोगनोळी-कागलपर्यंतच येतात, म्हणून रेल्वेचं तिकीट बरं.

शहर बदललं आहे, खूप बदललं आहे. सुवर्णसौध २०१२ मध्ये उभं राहिलं, २०१४ मध्ये सरकारी कागदावरचं नाव बदलून बेळगावी झालं, २०१६ च्या पहिल्या यादीत स्मार्ट सिटीत नंबर लागला आणि मग कितीतरी रस्ते खणले गेले. रेल्वे गेटपाशी खोळंबून तुम्ही शाळेला उशिरा पोचायचात ना? आता गोगटे सर्कलला पूल आहे, कपिलेश्वरला पूल आहे, टिळकवाडीच्या तिसऱ्या गेटवरही पूल झाला. पाट्या बदलल्या, २०२४ च्या कायद्याने पाटीवर ६० टक्के कन्नड हवं. रस्ता चुकलात तर घाबरू नका. रिक्षावाल्याला जुनीच नावं सांगा, बोगारवेस, शनिवार खूट, काकतीवेस, सगळी चालतात. फक्त अहवालात आणि बिलाच्या पत्त्यात कंपनीच्या नोंदीप्रमाणे सरकारी नाव लिहा, तिथे वाद घालायची जागा नाही.

कन्नडबद्दल तुम्ही जेवढं घाबरला आहात तेवढं कारण नाही. उद्यमबागेत एकाच शेडमध्ये खानापूर-चंदगडकडचा मराठी माणूस, बैलहोंगल-सौंदत्तीकडचा कन्नड माणूस आणि बिहार-ओडिशातून आलेली मुलं एकत्र काम करतात, आणि त्यांचं काम अडत नाही. तुम्ही अकरावीपर्यंत इथे शिकलात, शाळेत कन्नड होतं. ते कुठे गेलेलं नसतं, कानावर पडायला लागलं की दुसऱ्या दिवशी आपोआप जिभेवर येतं. शेडमध्ये कन्नड बोलणाऱ्या कामगाराला आधी कन्नडमधूनच नमस्कार घाला, “ऊट आयता री?” (जेवण झालं का?) एवढं विचारा, पुढे अडलं तर हिंदीवर या. तो खूश होईल, आणि जे मालकासमोर सांगणार नाही ते सांगेल. सीमाप्रश्नावर कारखान्यात कुणी तुमचं मत विचारलं तर बोलू नका. तुमचं मत तुमच्याजवळ असू द्या. १९५६ पासूनची ही जखम आहे, २००४ पासून खटला सुप्रीम कोर्टात आहे, आणि तुम्ही तिथे पंपाच्या कास्टिंगसाठी गेलेल्या असाल. आत्याच्या घरी मात्र पोटभर बोला. ज्यांनी मोर्चे काढले, लाठ्या खाल्ल्या, मुलांना मराठी शाळेत घातलं, त्यांचं ऐकून घ्या. आम्ही इथेच आहोत, आणि बाहेर गेलेल्यांनी आमची विचारपूस करावी असं आम्हाला मनापासून वाटतं.

घराचं विचारलंत. जा, पण शनिवारी, दिवसाउजेडी आणि आत्याला किंवा आत्येभावाला बरोबर घेऊन. बाहेर उभं राहून फोटो काढू नका. आतल्या माणसांना वाटतं कोण जमीन बघायला आलंय, आणि अनगोळात आता जागेचे भाव असे आहेत की ती शंका येणं साहजिक आहे. दार वाजवा, कोण ते सांगा, आत या म्हणाले तर जा. म्हणाले नाहीत तर नमस्कार करून मागे फिरा. आत गेलात तर इथे आमचं देवघर होतं, इथे आमचा झोपाळा होता, असं खोलीखोलीत सांगत फिरू नका. त्या बाईने तिथे स्वतःचे देव मांडलेत, तिची मुलं तिथे वाढलीत. बहुधा मजला चढला असेल, अंगणात गाड्या लागत असतील. तुम्हाला रडू येईल. येऊ द्या, पण रस्त्यावर आल्यावर. आणि मन होत नसेल तर जाऊ नका, त्याने काही बिघडत नाही. माझं मत विचाराल तर घरापेक्षा माणसं भेटणं जास्त महत्त्वाचं, कारण ती घराच्या आधी जातात.

लोखंडाच्या कामासाठी बेळगाव सोडून गेलेली तुमची काही पहिली पिढी नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये इथे सायकलचं दुकान काढलं, कडबा कापायची यंत्रं आणि नांगर इथेच केले, आणि नगरपालिकेने जागा सोडायला लावल्यावर १९१० मध्ये औंध संस्थानात कुंडलच्या माळावर गेले. रस्त्याला आज त्यांचं नाव आहे. तुमच्या बाबांच्या नावाचा रस्ता होणार नाही, पण ज्या हातांनी उद्यमबाग उभी राहिली त्यांत त्यांचे हात होते. तुम्ही बेळगावची नोकरी गमावलेल्या माणसाची मुलगी म्हणून येता आहात असं पत्रभर जाणवत राहतं. मोल्डरची मुलगी म्हणून या. फौंड्रीत काय बघायचं हे तुम्ही कॉलेजात शिकलात त्याच्या आधी घरात ऐकलं आहे.

राहता राहिले बाबा. कुठली फौंड्री, एवढंच त्यांनी विचारलं आणि तुम्ही नाव सांगून विषय बदललात, असं तुम्ही लिहिता. तो विषय पुन्हा काढा. निघण्यापूर्वी एका संध्याकाळी त्यांच्याजवळ बसा आणि खरंच माहिती हवी म्हणून विचारा : बाबा, फौंड्रीत शिरल्याशिरल्या तुम्ही आधी काय बघायचात? हिरव्या (ओलसर) वाळूचा मोल्ड, म्हणजे साचा, भरताना हाताला काय कळायचं? कोअर (साच्यातला आतला गाभा) हलला हे कशावरून ओळखायचात? कंपनीतलं काही सांगू नका, ते गुपित ठेवा, पण त्यांचं सगळं ऐका आणि वहीत लिहून घ्या. त्यातलं निम्मं आज यंत्र करतं. निम्मं अजून माणूसच करतो, आणि तपासणीत ते तुमच्या उपयोगाला येईल. पगाराचा विषय त्यांनी काढला तर मध्ये समजूत घालू नका. बोलून होऊ द्या.

अहवाल गेल्यावर काकांकडे जाल तेव्हा रिकाम्या हाताने जाऊ नका. काकूंना साडी घ्या, शहापूरच्या पेठेतून, इथल्या मागावरची. क्लासची फी आणि टेम्पोचं भाडं परत करायची भाषा मात्र काढू नका, त्यांना ते लागेल. त्यांच्या नातवंडांपैकी कुणी डिप्लोमाला, आयटीआयला असेल तर पुस्तकांचं, फीचं विचारा, आणि पुण्यात राहायची सोय लागली तर आमचं घर आहे म्हणून सांगा. मग बाबांना फोन लावून काकांच्या हातात द्या आणि तुम्ही आत काकूंकडे जाऊन बसा. त्या दोघांना काय बोलायचं ते तुमच्यासमोर बोलता येणार नाही.

फोननंतर बाबा म्हणाले की मलाही यायचंय, तर फार लांबवू नका. गणपतीत किंवा शिवजयंतीच्या चित्ररथांच्या वेळी त्यांना गर्दी सोसायची नाही, पावसाळ्यात इथला पाऊस सोसायचा नाही. जानेवारी-फेब्रुवारी बरे. सप्टेंबर २०२४ पासून पुणे-हुबळी वंदे भारत सुरू झाली आहे, ती बेळगावला थांबते, पण रोज नसते, म्हणून वार बघून तिकीट काढा. उतरायला आत्याचं घर आहेच. या वेळी हॉटेल नको.